नाल्याकाठची उपरी साळ

ता. ६ नोव्हेंबर १९४६, बुधवार. मु. येळ्ळूर

चि. वत्सला आज वडगावाहून पुन्हा सायकलीवर आली. या आठवड्यातील तिसरी खेप. नातीने सायकल चालवावी की नाही, याविषयी माझे मत मी मागे लिहून ठेवले आहे. ते बदललेले नाही. मात्र वेशीतून येताना तिने घंटी वाजविली तेव्हा पारावरचे चौघे उठून उभे राहिले. ते पाहून बरे वाटले.

दिवसभर नाल्याकाठच्या पट्टीत होती. आमच्या सुवासिक साळीत काळ्या कुसळाची जी उपरी रोपे उगवतात, त्यांस पत्र्याच्या चकत्या बांधीत होती. प्रत्येक चकतीवर खिळ्याने ठोकून आकडा पाडलेला. एकूण बेचाळीस. चांगल्या साळीस काही नाही, उपऱ्यांच्या गळ्यात दागिने!

विचारले तेव्हा म्हणाली, "आप्पा, दोन वर्सांमागं नाला चढला, आठ दिस पाणी हललं न्हाय, तवा हीच तेवढी जगली न्हवं? ती का जगली, ते बघायचंय."

हाच तिच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. विद्यापीठाने मान्य केला आहे म्हणे.

उपऱ्यांवर प्रबंध. असो.

ता. ९ नोव्हेंबर, शनिवार

विद्यापीठ म्हणजे नेमके काय, हे मी आजवर कोणास विचारले नव्हते. विचारणे कमीपणाचे वाटे. मी मराठी चौथीत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो, तेव्हा गुरुजींनी सांगितले होते की मुंबईस एक उंच मनोरा आहे, त्यात घड्याळ, आणि त्याच्या छायेत सर्व विद्या. कधी तरी त्या मनोऱ्याखाली उभा राहीन, असे त्या वयात वाटले होते. पुढे वडील वारले. पुढे नांगर.

आज जेवताना वत्सलेस सहज म्हणून विचारले. तिने जे सांगितले त्याचा सारांश : आरंभी तेथे कोणी शिकवीत नसे. गावोगावची कॉलेजे शिकवीत; विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. स्वतः शिकविणे पुष्कळ नंतर आले, आणि नवीन शोधून काढण्याचे काम त्याच्याही नंतर.

सौ. चुलीपाशी होती. ती म्हणाली, "म्हणजे प्रथम केवळ मोजणी, आणि पेरणी मागाहून." (सौ.चे बोलणे मी या वहीत नेहमी शुद्ध करून उतरवितो.)

आमच्या तरुणपणी बेळगावात एक गृहस्थ बी.ए. होऊन आले होते. स्टेशनावर ताशे, हार. आम्ही दहा-बारा जण येळ्ळुराहून चालत त्यांस पाहण्यास गेलो. अगदी सामान्य मनुष्य निघाला. चष्मा तेवढा होता.

आता माझी नात त्यापुढची पदवी घेणार. पण एक अट आहे. तिचा बाप, म्हणजे आमचा दत्तू, वडगावास शाळामास्तर आहे. त्याने तिला एकच वर्ष दिले आहे. या सुगीत उपऱ्यांचे पक्व बी हाती आले तर प्रबंध. न आले तर निपाणीच्या स्थळास होकार, आणि ग्रंथ बंद.

ता. १४ नोव्हेंबर, गुरुवार

वत्सलेचे कॉलेजातील मार्गदर्शक, प्रा. हिरेमठ, यांची चिठ्ठी. येत्या रविवारी ते मुंबईच्या एका थोर प्राध्यापकांस घेऊन आमची पट्टी पाहण्यास येत आहेत. हे गृहस्थ विद्यापीठाचे परीक्षकही आहेत.

मनोऱ्याखालचा मनुष्य माझ्या बांधावर!

जोत्यास चुना लावण्यास सांगितला. अंगण सारवून घेणे. बैलांची शिंगे रंगवावीत काय? सौ. म्हणाली, रंगवू नयेत, पोळा नाही. ठीक.

मन एकाच ठिकाणी अडते. पट्टीत उपरी दिसतात.

ता. १६ नोव्हेंबर, शनिवार

आज फार समाधानाचा दिवस.

आमच्या गावची रीत अशी की, बियाण्याच्या साळीत एकही परके रोप दिसता कामा नये. कापणीपूर्वी घरधन्याने स्वतः फिरून ते उपटावे. ज्याच्या साळीत काळे कुसळ दिसते, त्याच्या घराविषयी लग्नाच्या बैठकीतसुद्धा बोलतात. आमच्या घरास हा बोल कधी लागला नाही. बांधापलीकडचा भरमाण्णा (पुढे नुसता भ.; चौथीत याचा दुसरा क्रमांक होता) याच्या साळीविषयी मी काही लिहीत नाही.

सकाळी उजाडताच चार बाया घेऊन पट्टीत उतरलो. सौ. दोनदा म्हणाली, "पोरीस एकदा विचारावे." मी म्हटले, पाहुणा येणार असता अंगणातला केर कोणास विचारून काढतात काय?

बेचाळीसही उपटली. एकही सुटले नाही. चकत्या मात्र काळजीपूर्वक सोडविल्या, राखेने घासल्या, धुतल्या, आणि एकपासून बेचाळीसपर्यंत क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवल्या. वत्सलेचे पत्र्याचे काम वाया जाऊ नये. रोपे म्हशीस घातली.

पट्टी आता आरशासारखी स्वच्छ दिसते.

ता. १७ नोव्हेंबर, रविवार

लिहिणे कठीण आहे. तरी लिहितो.

पाहुणे दहाच्या सुमारास आले. वृद्ध, सडपातळ, डोक्यावर टोपी. बांध येताच कोणी न सांगता त्यांनी जोडे काढले. मला ते आवडले. मी तबक पुढे केले. त्यात श्रीफळ, पानसुपारी, आणि मधोमध चकत्यांची माळ.

वत्सलेने माळेकडे पाहिले, मग पट्टीकडे. प्रा. हिरेमठ कानडी गृहस्थ आहेत, त्यांच्या तोंडून निघाले, "अय्यो शिवने!"

पाहुण्यांनी विचारले, "रोपे कोठे आहेत?"

मी म्हणालो, "म्हशीने खाल्ली."

ते मटकन बांधावर बसले. मला वाटले, भोवळ आली. पण ते हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "आप्पासाहेब, नमुन्यास हात लावू नका, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांस सांगत आलो. तरी हात लावतातच. पण धुऊन, ओवून, पानसुपारीसह परत करणारा आज प्रथम भेटला."

वत्सला हसली नाही. गोठ्यात जाऊन गव्हाणीत हात घालून शोधू लागली. चार लोंब्या मिळाल्या. दाणा नखाने दाबला. दूध निघाले. बी भरलेच नव्हते.

"उपरी मागनं पिकत्यात, आप्पा," एवढेच म्हणाली. "पंधरा दिस ऱ्हायलं हुतं."

साफ केलेले शेत त्यांच्या कामाचे नव्हते. त्यांस केरच हवा होता.

ता. १८ नोव्हेंबर, सोमवार

वत्सला सकाळी वडगावास गेली. वेशीतून जाताना घंटी वाजविली नाही.

ता. २१ नोव्हेंबर, गुरुवार

ज्याने बिघडविले त्याने निस्तरावे. गावात आणखी कोणाच्या साळीत उपरी असतीलच. आज टोपी घालून निघालो. प्रथम भ.कडे, कारण अवघड दार आधी ठोठावावे.

"भरमा, तुझ्या साळीत काळे कुसळ आहे काय? असल्यास चार लोंब्या हव्यात."

भ.ने दातवण तोंडातून काढले. "परशा, सकाळच्या पारी शिव्या द्याला आलास व्हय रं? माझ्या बाच्या साळीत न्हवतं, आज्याच्या न्हवतं. तुझ्या पट्टीत हुतं ते सगळ्या गावानं बघितलं. चकत्या घालून मिरीवलंस की!"

पुढे दुपारपर्यंत सारी खालची आळी पालथी घातली. नाही. कोणाकडेच नाही. एकाने तर चहा दिला आणि प्रश्न ऐकल्यावर कप परत घेतला. या गावात लोक माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास येतात. आज मी दारोदार केर मागत हिंडलो.

घरी आल्यावर सौ.ने पाय धुण्यास ऊन पाणी दिले. म्हणाली, "संक्रांत येऊ द्यावी. मग पाहू."

संक्रांतीचा यात काय संबंध? तिळगुळाने बी उगवत नाही.

ता. २ डिसेंबर, सोमवार. निपाणीहून परत

दत्तू म्हणाला, आता वत्सलेने हट्ट सोडावा, मी निपाणीस होकार कळवितो. मी म्हणालो, होकार थांबव, मी जातो. "तुम्ही? मागायला?" असे तो म्हणाला. होय. मागायला.

सर्व्हिस मोटारीने गेलो. निपाणीच्या वेशीपासूनच तंबाखूचा दर्प. वखारीच्या दारात तीन शिंका आल्या. मुलाचे वडील बाबूराव तराजूपाशी बसले होते. म्हणाले, "बसा आप्पा, पहिल्या येळंला समद्यास्नी येत्यात."

मी उभ्यानेच सांगितले : आम्हांस एक वर्ष हवे आहे.

त्यांचा चेहरा बदलला. "खरं सांगा आप्पा. पोरीत काय खोट न्हाय न्हवं?"

"खोट पोरीत नाही. माझ्यात आहे." आणि सर्व सांगितले. राख, दोरा, तबक, म्हैस. काही वगळले नाही.

तोलणारा मनुष्य तराजू सोडून भिंतीस टेकला, इतके हसू त्यास आले. बाबूरावांनी उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "तंबाखू वखारीत वरीसभर मुरला न्हाय तर त्याला वास येत न्हाय. आम्हास्नी थांबायची सवय हाय. खरं एकच वरीस हं. फुडच्या तुळशीच्या लग्नामागनं आमचं लगीन. बी तवर गोळा होऊ दे. मग लिवायचं ते आमच्या माडीवर बसून लिव म्हणावं. पोरगा तर म्हणतोय, शिकलेलीच पायजे."

येताना मोटारीत मन हलके होते. वडगाव आले तेव्हा घराघरांतून मागांची खटखट चालली होती. दत्तूच्या दारात वत्सलेस सांगितले. ती पाया पडली. मग तिने विचारले, "वरीस मिळालं आप्पा. खरं, पेरायचं काय?"



ता. १४ जानेवारी १९४७, मंगळवार. संक्रांत

आज जे घडले ते क्रमवार लिहितो.

सौ.ने वत्सलेस मुद्दाम बोलावून घेतले होते. दुपारी गावातल्या बायका वाणाची सुगडी घेऊन आल्या. नेहमीपेक्षा पुष्कळ. मी ओसरीवर बसून दिनदर्शिका पाहत होतो. आतून अचानक वत्सलेची किंकाळी. धावलो.

सुगडे पालथे केले होते. गाजर, बोरे, हरभरा, आणि तळाशी मूठभर काळी साळ. लांब कुसळाची. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. वत्सला एकेक पालथे करीत होती आणि बायका तोंडास पदर लावून हसत होत्या.

सौ.ने माळ्यावरून एक वाळका भोपळा काढला. तोंड शेणमातीने लिंपलेले. तो माझ्यासमोर फोडला.

वत्सलेने मला बजावले आहे की नमुना असेल तसा ठेवावा, साफ करू नये. म्हणून सौ.चे शब्द या वहीत आज प्रथम जसेच्या तसे लिहितो. हात थोडा अडखळतो.

"ह्यो बघा तुमचा उपरा. माझ्या सासूनं मला दिला, तिला तिच्या सासूनं. दर साली मूठभर नाल्याकडंला आम्हीच टाकतो. नाला चढला की तुमची वासाची साळ जाती. मग लेकरांनी काय माती खायाची?"

मी म्हणालो, "म्हणजे मी दर वर्षी जी उपटीत आलो, ती..."

"तुम्ही उपटायचासा, आम्ही पेरायचो. तुमास्नी काम, आमास्नी काम."

सगळ्या जणी हसल्या. सौ. थांबेना. "आन् मागं तापात पडलातासा तवा तांबडी पेज प्यालासा न्हवं? वाटी चाटून म्हणालासा, 'अशी गोडी आमच्याच साळीला!' ती ह्याची."

मला आठवते. मी तसे म्हणालो होतो. या वहीच्या मागील एका भागात त्या पेजेची स्तुती आहे. ती खोडणार नाही.

वत्सलेने विचारले, "आज्जे, मग मला का न्हाय सांगितलंस?"

"लग्नामागनं सांगायचं असतं. ते बी सासूनं. न्हाणवलीला सांगायची रीत न्हाय. म्हणून आम्ही समद्या देवळामागं बसलो, दोनदा. म्हातारी गंगव्वा म्हणाली, ही इद्यापीठाला नांदायला गेलीया, तिला सांगितलं तर चालतंय. तवा ठरलं."

आणि पुरुषांस का सांगितले नाही?

"सांगितलं तर उपटत्यात."

सौ.चे धरून एकोणीस सुगडी. सातवे सुगडे भ.च्या घरचे. त्याची कारभारीण म्हणाली, "भावजी, आमच्या मालकास्नी बोलू नगा हं. त्यांचा जीव जाईल."

मी बोलणार नाही. निदान आज नाही. आज एवढे पुरे की वत्सलेने जाताना घंटी वाजविली. वेस ओलांडली तरी वाजवीत होती.

ता. १५ जानेवारी, बुधवार

भ.ला सांगितले.

त्याने आधी बांधाकडे पाहिले. मग म्हणाला, "सातवं व्हय? दाणा कसा हाय? तुमच्यापरास टपोरा असंल."

ता. २० फेब्रुवारी, गुरुवार

प्रा. हिरेमठ घरी आले. विद्यापीठाकडून एक वर्षाची मुदत मागावयाची तर पहिले नमुने नष्ट कसे झाले, याचे कारण लेखी द्यावे लागते. ते म्हणाले, "अतिवृष्टी लिहू या?" मी म्हणालो, नोव्हेंबरात? "मग जनावरांनी नासधूस केली म्हणू. म्हशीवर घाला की, आप्पा."

म्हशीने केवळ खाल्ली. उपटली मी. कारण मी लिहीन.

चार दिवस, तीन कच्चे खर्डे. सौ.ने ऐकले आणि म्हणाली, "लई गोल गोल झालंय. 'मी उपटली' हे कुटं हाय?" खरेच, ते तिसऱ्या पानावर गेले होते. ते पहिल्या ओळीत आणले. शेवटचा खर्डा येथे उतरवून ठेवतो :

"मी, परशराम, राहणार येळ्ळूर, लिहून देतो की, नाल्याकाठच्या पट्टीतील क्रमांक १ ते ४२ ची रोपे मी स्वतः उपटली. ती उपरी आहेत असे मी समजत होतो. पाहुण्यांस स्वच्छ शेत दाखवावे असा हेतू होता. ती रोपे उपरी नसून आमच्या घरातील स्त्रियांनी पुरासाठी पेरलेली होती, हे मला पुढे कळले. गावातील पुरुषांपैकी हे कोणासही ठाऊक नव्हते, अथवा ठाऊक असून कोणी कबूल केले नाही. चि. वत्सलेचा यात दोष नाही. म्हशीचाही नाही."

प्रा. हिरेमठ इंग्रजीत उतरवून मूळ प्रतीसह पाठविणार. शेवटचे वाक्य ठेवू की काढू, असे त्यांनी विचारले. ठेवा म्हणालो.

ता. १९ एप्रिल, शनिवार

उत्तर आले.

मुदत मिळाली. शिवाय मुंबईच्या त्या पाहुण्यांचे वेगळे पत्र. ते मराठीत आहे, मला उद्देशून आहे. लिहितात की, असे निवेदन त्यांनी आजवर वाचले नाही; ते प्रबंधास जोडपत्र म्हणून मूळ मराठीतच लावावे, कारण त्या पट्टीचा इतिहास त्यात आहे. आणि ज्या बायकांनी बी दिले त्यांची नावे ओळीनिशी लिहावीत.

पत्र पाच वेळा वाचले. सौ.स वाचून दाखविले. मनोऱ्याखाली मी काही उभा राहिलो नाही; माझी चूक मात्र तेथे जाऊन बसणार. माझ्या अक्षरात.

गावात पेढे वाटले. भ. पेढा हातात धरून म्हणाला, "चूक केली म्हणून पेढं? मग आम्ही काय कमी केल्यात? आमचं कधी छापायचं?"

ता. १२ जून, गुरुवार

पट्टीत पेरणी. एकोणीस ओळी, प्रत्येकीस चकती, तीच धुतलेली. ओळ १ आमची. ओळ ७ भ.ची. मध्ये मध्ये आमची सुवासिक साळ, ताडून पाहण्यासाठी. वत्सला दोरी धरून उभी, बायका दाणे टोबीत, आणि पुरुषांस बांधावर बसण्याची आज्ञा. बसलो.

प्रत्येक बाई आपल्या ओळीशी येऊन नाव सांगे आणि वत्सला वहीत लिही. कित्येक जणींचे नाव मला आज प्रथम कळले. इतकी वर्षे अमक्याची आई, तमक्याची सून.

सौ.चे नाव तिने लिहिले तेव्हा सौ. वाकून पाहत होती. "ह्ये माझं व्हय? केवढुसं हाय गं."

ता. ६ जुलै, रविवार

उगवण उत्तम. भ. रोज बांधावर येतो. "सहज आलतो," म्हणतो. सातवी ओळ बोटांनी मोजतो.

आज प्रा. हिरेमठही आले. वर्तमानपत्रांत नव्या विद्यापीठांची चर्चा चालली आहे. पुण्यास एक होणार म्हणतात, धारवाडासही होणार म्हणतात. आमचा तालुका कोणाकडे, यावर बांधावर जुंपली.

हिरेमठ : "धारवाडला या की. लोंढ्याला गाडी बदलली, की आलंच."

भ. : "आम्ही गाडी बदलणार न्हाय, मास्तर. सरळ पुण्याला."

"पुणं लांब पडतंय हो!"

"पडू दे की. शिदोरी बांधून जाऊ."

दोघेही माझ्या निर्णयासाठी माझ्याकडे पाहू लागले. माझे मत आहे, आणि ते पक्के आहे. पण त्याच वेळी सौ. भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "आधी ह्या एका पोरीला निभवून न्हेऊ द्या, मग काढा दुसरं." प्रा. हिरेमठांनी मिरचीच्या ठेच्याची तारीफ केली. तंटा मिटला नाही, पण भाकऱ्या संपल्या.

ता. २६ जुलै, शनिवार

नाला चढला. दुपारपर्यंत पट्टी पाण्याखाली. चकत्याही दिसत नाहीत.

बांध फोडला तर पाणी तासाभरात उतरेल. कुदळ घेऊन निघालो होतो. वत्सला चिखलातून सायकल ढकलीत आली, वडगावापासून. कुदळीस हात घालून म्हणाली, "आप्पा, हात लावायचा न्हाय. हीच परीक्षा हाय. पान्यानं घेतलेली."

"सर्व गेले तर? तुळशीच्या लग्नापर्यंतचेच वर्ष आहे."

"तर गेलं म्हणून लिवायचं."

कुदळ तिने घरी आणून माळ्यावर ठेवली, भोपळ्याच्या जागी.

ता. ३० जुलै, बुधवार

पाचवा दिवस. पाणी हलत नाही. वरच्या शेतातील सुवासिक साळ ठीक आहे, तेवढी खाण्यास पुरेल. मन तेथे नाही.

निपाणीहून बाबूरावांचे कार्ड : "पाऊस फार आहे असे ऐकतो. आमच्या पोराने विचारले आहे, रोपे कशी आहेत?" मुलगी कशी आहे, असे विचारलेले नाही. वत्सलेने कार्ड दोनदा वाचून वहीत ठेवले.

ता. ३ ऑगस्ट, रविवार

नववा दिवस. पाणी उतरू लागले आहे. गुडघाभर.

रविवार असूनही वत्सलेस कॉलेजात काम आहे, संध्याकाळी येईल. तोवर पाहून लिहून ठेवण्याचे काम तिने मजवर सोपविले आहे. अटी दोन : हात लावू नये; दिसेल तेवढेच लिहावे. सौ. म्हणाली, "हात बांधून बसा." बांधून बसलो आहे. लिहिण्यापुरता उजवा सोडला.

कडेच्या चिखलात आडवी झालेली पाने दिसतात. दोन बोटांनी उचलली तर सरळ होतील. उचलली नाहीत.

भ. शेजारी बसून श्वास रोखून आहे. "लिव की, सातवी दिसली म्हणून." दिसल्यावर लिहीन.

ओळ ४ : हिरवे टोक, एक.
ओळ ५ : नाही.
ओळ ७ : हिरवी टोके, दोन. (भ. उठून नाचला. बांध खचला. याचीही नोंद घ्यावी.)
ओळ १२ : हिरवे की शेवाळ, ठाऊक नाही.
मधली सुवासिक साळ : पिवळी, कुजलेली. आमचीच. कुजलेली असे लिहिले तरी ती आमचीच.
ओळ १६ : टोक दिसले, पुन्हा बुडाले.

सौ. पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी आहे. तिच्या ओळीकडे, पहिलीकडे, बोट करून विचारले, काही दिसते काय? म्हणाली, "दिसंल तवा दिसंल. तुम्ही लिवत बसा."

ओळ १ : अद्याप पाणी.